धरणाला सासू नसते

आत्याबाई,

तुम्हाला वाचता येत नव्हतं, त्यामुळे हे पत्र लिहायला मला कसलीच भीती नाही. तुम्ही होतात तेव्हा मी एक वाक्य बोलले की तुम्ही चार ऐकवायच्या. आता मी बोलणार आणि तुम्ही ऐकणार. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की सासूला आत्याबाई म्हणायची पद्धतसुद्धा गेली. माझी सून मला आई म्हणते, आणि तिच्या खऱ्या आईला मम्मी. माझं अक्षर तिसरीपर्यंतचं आहे, ओळी वर-खाली जातात, पण नातीच्या शाळेच्या छापील कागदांची मागची बाजू कोरी असते, ती वाया कशाला घालवायची म्हणून लिहायला बसले. नात म्हणाली, "आजी, फोनमध्ये बोल की. तो आपोआप लिहितो." मी म्हटलं, सासूशी काय बोलायचं ते फोनला कशाला कळायला पाहिजे.

येरवड्याच्या दोन खोल्या आम्ही सोडल्या ते तुम्हाला माहीत नाही. तुमच्या मागोमाग तुमचा मुलगा गेला आणि मग तुमच्या नातवानं हडपसरच्या पुढं, सोलापूर रस्त्याला, सहाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. तो, त्याची बायको, त्यांची मुलगी आणि मी. मला स्वयंपाकघराशेजारची बारकी खोली आहे, खिडकीपाशी माझी खाट आहे. घरात नळ इतके की तुम्ही मोजत बसला असतात. गरम पाणी गच्चीवरून येतं, उन्हावर तापून. तुम्ही मागच्या बोळात घंगाळ उन्हात ठेवायच्या आणि दुपारी त्या पाण्यानं पोरांना अंघोळ घालायच्या, तेच हे. फक्त याला सोलर म्हणतात आणि त्याच्यावर सोसायटीची मीटिंग होते.

तर या उन्हाळ्यात सोसायटीच्या बोअरचं पाणी आटलं. टँकर येतो, पण तो जावयासारखा, त्याच्या मनात असेल तेव्हा. मग फोनवर सगळ्यांना हुकूम आला की पाणी रोज सकाळी तासभर सोडणार, त्यात काय ते भरून घ्या. मला हसू आलं. एवढ्यावर या लोकांचे चेहरे असे झाले की घरात कोणी गेलंय. आमच्या घरीही तेच. सून कामावर जाते, नातीचा अकरावीचा क्लास, मुलगा तर घरी असला तरी घरात नसतो. बाथरूममध्ये वापरायच्या पाण्याचं एक मोठं निळं पिंप आणून ठेवलं, आणि ते रोज दिवे लागायच्या आत कोरडं. मग रात्री भांडी तशीच, संडासात पाणी नाही, आणि सगळे एकमेकांवर चिडलेले.

एका संध्याकाळी मुलगा माझ्या खाटेवर येऊन बसला. तो असा येऊन बसला की मी ओळखते, काहीतरी गोड बोलणार आहे.

"आई, तू दोन महिने ताईकडे जाऊन राहा की. लोणीला विहीर आहे, कॅनॉल आहे, अंगण आहे. तुलाही बरं वाटेल."

"मला इथं काय वाईट वाटतंय?"

"इथं पाणी नाही गं."

"मग सगळेच चला."

तो खाटेवरची चादर नीट करायला लागला. लेक माझी लोणी काळभोरला दिलीय, तिचं घर चांगलं आहे, जावईही बरा आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आत्याबाई, दोन महिने गेलेल्या म्हातारीची खाट परत मिळत नाही. आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या बाई गणपतीला गावी गेल्या होत्या. परत आल्या तर त्यांच्या खोलीत मुलानं ऑफिस मांडलेलं. आता त्या हॉलमध्ये सोफ्यावर निजतात आणि सगळ्यांना सांगतात, मला टीव्ही बघायला सोयीचं पडतं. मी मुलाला म्हटलं, हा महिना संपेपर्यंत घरातल्या पाण्याचा कारभार माझ्याकडे दे. तरीही पिंप संध्याकाळी कोरडं पडलं तर माझी पिशवी मी भरीन, तुला सांगावं लागणार नाही. तो म्हणाला, "तू काय करणार आहेस?" मी म्हटलं, तुझ्या आजीनं जे माझ्याकडून करून घेतलं ते.

तुम्ही काय कमी राबवलंत मला? पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला भांडी घासताना पाहिलंत. मी एकेका ताटावर तांब्या तांब्या पाणी ओतत होते, माहेरी विहीर होती ना. तुम्ही माझ्या हातातला तांब्या काढून घेतलात आणि म्हणालात, "पाणी घरात आलं की त्याला जावई करायचं नाही, सून करायची. एकदा आली की राबवून घ्यायची." मला तेव्हा इतका राग आला की मी रात्री जेवले नाही, आणि तुम्हीही चला जेवायला म्हटलं नाहीत, एका माणसाचं ताट धुवायचं वाचलं म्हणालात. पण तुम्ही म्हणालात तसंच व्हायचं. डाळतांदूळ धुतलेलं पाणी वेगळं ठेवायचं, त्यात भाजी धुवायची, मग ते दारातल्या अळूला. कपडे खळबळलेल्या शेवटच्या पाण्यात फरशी पुसायची, आणि फरशी पुसलेलं मोरीला. तीन घमेल्यांत भांडी, पहिल्यात घासायची, दुसऱ्यात काढायची, तिसऱ्यात नुसती बुडवायची, आणि उद्या दुसरं घमेलं पहिलं होणार. रॉकेलचंही तसंच. डाळ भिजल्याशिवाय स्टोवर चढायची नाही. भाकरी संपल्या की तापल्या तव्यावर शेंगदाणे भाजून घ्यायचे, आणि स्टो बंद झाल्यावर उरलेल्या धगीवर पापड. आणि ते झाकण. मला मुलगा झाला तेव्हा गल्लीतल्या बाकीच्या सुनांना सासवांनी साड्या घेतल्या. तुम्ही मला पितळेचं खोलगट झाकण आणून दिलंत. भाजीवर ते पालथं नाही, उताणं ठेवायचं आणि त्यात पाणी घालायचं. खालची भाजी करपत नाही, वरचं पाणी फुकट तापतं, तेच रश्शात ओतायचं. मी माहेरी जाऊन रडले होते, की सासूनं बाळंतपणात झाकण दिलं. ते झाकण अजून रोज गॅसवर चढतं. नात त्याला आजीचं हेल्मेट म्हणते.

तर मी हे सगळं सहाव्या मजल्यावर सुरू केलं. सोलरच्या नळाला आधी गच्चीपासूनचं थंड पाणी येतं, मग गरम. तेवढं थंड पाणी हे लोक सरळ सोडून द्यायचे, गरम यायची वाट बघत उभे, बोटं धारेखाली धरून. मी खाली बादली ठेवली. वॉशिंग मशीनची मागची नळी मोरीतून काढून टबात सोडली, त्या पाण्यावर संडास धुवायचे आणि फरशी. नातीचा शॉवर बंद केला, ती म्हणाली, "आजी, तू पाण्याची पोलीस झालीयेस." मी म्हटलं, पोलिसांची ड्यूटी तरी संपते. भात अर्धा शिजला की गॅस बंद करून पातेलं तुमच्याच जुन्या गोधडीत गुंडाळून ठेवायला लागले. पोरगी गोधडी उघडून बघते आणि विचारते, भात झोपलाय का? हो, म्हटलं, पण तुझ्यासारखा दहा वाजेपर्यंत नाही. सून काही बोलत नाही. सांगितलेलं सगळं करते. ती तशीच आहे, बोलत नाही म्हणून तिच्या मनात काय चाललंय ते कळत नाही. तुमचं-माझं बरं होतं, दोघींच्याही मनातलं गल्लीला ऐकू जायचं.

आणि एवढं सगळं करूनही पिंप संध्याकाळी कोरडं. मला कळेना. कोरडं पडायची वेळ थोडी पुढं गेली, बस. मी पिंपात वाकून बघायची, बाहेरून हात लावून बघायची, कुठं गळतंय का. मुलगा कामावरून आला की आधी बाथरूममध्ये डोकवायचा. एक दिवस तांब्या पिंपात घातला तो खण्णकन बुडाला आपटला. बाहेर येऊन म्हणाला, "ताईचा फोन होता. कधी येतेस विचारत होती."

"तिनं विचारलं, का तू सांगितलंस विचारायला?"

"आई, हट्ट करू नकोस."

मी म्हटलं, महिना संपला नाही अजून. पण मी घाबरले होते. तुम्हाला सांगायला हरकत नाही. मला पाण्याची भीती नाही, कामाची नाही. पण एकदा घरातलं आपलं काम संपलं की घरातली जागा किती दिवस राहते, ते मी समोरच्या सोफ्यावर बघितलंय.

दुसऱ्या दिवशी गुडघ्यांनी मला लवकर उठवलं. एरवी मी उठून उभी राहीपर्यंत सून पाणी भरून मोकळी झालेली असते. त्या दिवशी मी उजाडायच्या आत स्वयंपाकघरामागच्या ड्राय बाल्कनीत स्टुलावर जाऊन बसले. तिथून सगळ्या मजल्यांचे सांडपाण्याचे पाइप खाली जातात. पाणी यायला अजून वेळ होता, नळ कोरडे होते. आणि पाइप वाजायला लागले. आधी वरचा कुठला तरी, मग खालचा, मग सगळेच, खळखळ खळखळ, जसं काही पाऊस उतरतोय. नळाला थेंब नाही आणि सांडपाण्याला पूर. मी तो आवाज लगेच ओळखला. येरवड्यात पहाटे नळ यायच्या आधी गल्लीतली गटारं अशीच वाहायची. प्रत्येक दारात एक बाई, प्रत्येकीच्या कमरेवर हंडा, आणि कालचं पाणी गटारात. शिळं झालं म्हणून.

तुम्हीसुद्धा, आत्याबाई. बाकी सगळ्या पाण्याला तुम्ही सुनेसारखं राबवायच्या, पण पिण्याच्या पाण्याचं तुमचं वेगळंच. नळ यायची वेळ झाली की तांब्याचा हंडा उचलायचा, रात्रीचं उरलेलं सगळं पाणी दारातून गटारात भिरकावायचं, चिंचेनं हंडा घासायचा आणि नवं भरायचं. अर्धा हंडा असो नाहीतर काठोकाठ. मी एकदा बोलले. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मी म्हटलं, "धरणात हेच पाणी वर्षभर पडून असतं, तिथं शिळं होत नाही. आपल्या हंड्यात एका रात्रीत कसं होतं?" शेजारच्या दोघी हंडे धरून थांबल्या. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "धरणाला सासू नसते. तुला आहे." सगळी गल्ली हसली. मग दिवसभर तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही हंडा उचलता, दारापर्यंत जाता, मी स्टोपाशी बसून बघतेय, आणि तुम्ही वळता आणि सगळं पाणी कपड्यांच्या घंगाळात ओतता. तोंडातून एक अक्षर नाही. त्यानंतर आपल्या घरचं कालचं पाणी कधी गटारात गेलं नाही. सुनेचं ऐकलं असं कधी तुम्ही म्हणाला नाहीत, आणि मी जिंकले असं मी त्यानंतर आयुष्यभर म्हणत आले. सुनेला लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच ही गोष्ट सांगितली होती. आमच्या आत्याबाई कशा होत्या, रोज हंडा घासून ताजं पाणी भरल्याशिवाय कोणाच्या घशाखाली घोट उतरू द्यायच्या नाहीत. आपण सासूचं कौतुक करतो ते सुनेनं कान टवकारावेत म्हणूनच ना.

तर मी स्टुलावर बसून मनात भाषण जुळवत होते. आता खाली बाकावर जाऊन सगळ्या बायांना सुनावते, विकतचं पाणी आणता आणि गटारात घालता, वर म्हणता पाणी पुरत नाही. तेवढ्यात माझ्या मागंच खळखळ झाली. आमच्या सिंकमध्ये. सून उभी, डोळे अर्धे मिटलेले, स्वयंपाकघरातला मोठा हंडा उपडा धरलेला. कळशी आधीच रिकामी करून झाली होती. बाजूला आणखी एक हंडा भरलेला, तो रांगेत.

"काय करतेस?"

ती दचकली. "काही नाही, शिळं पाणी ओततेय."

"रोज ओततेस?"

"रोजच. मग घासून आधी हे सगळं भरते, आणि मग नळी बाथरूममधल्या पिंपात लावते. तोपर्यंत धार बारीक होते." मग म्हणाली, "तुम्हाला ताजं लागतं ना."

"मला? कोण म्हणालं?"

"तुम्हीच नाही का सांगितलं होतं, लग्न झालं तेव्हा? आत्याबाई रोज ताजं भरायच्या. मला वाटलं घरात तसंच लागतं. तेव्हापासून करतेय."

"अगं, ती गोष्ट पुढं आहे. पुढं मी त्यांना काय म्हटलं तेही सांगितलं होतं."

"तेवढ्यात दूध उतू गेलं होतं, आई. मी उठून गेले."

"मग इतक्या वर्षांत एकदा विचारायचं नाही?"

ती हंडा खाली ठेवत म्हणाली, "तुम्हाला कोण विचारणार?"

आत्याबाई, तुमच्या त्या धरणाच्या वाक्यानंतर मला इतकं सरळ उत्तर कोणी दिलं नव्हतं. आणि ते ती भांडायला म्हणाली नाही, तसं असतं तर मला तोंड देता आलं असतं. ती नळ उघडायला वळलीसुद्धा. मी बाल्कनीतून उठले, दुसऱ्या हंड्यावर हात ठेवला आणि म्हटलं, हा राहू दे. आज आधी पिंपाला नळी लाव. ती म्हणाली, "आणि प्यायला?" मी म्हटलं, हेच. पेला घेतला, तिच्यासमोर त्या कालच्या पाण्यानं भरला आणि उभ्या उभ्या प्यायले. बघ, म्हटलं, मेले का?

"इतक्या लवकर कसं कळणार," ती म्हणाली, आणि हसली. तिला हसताना मी अशी फारशी बघितलेली नाही.

त्या दिवसापासून हंड्यात उरलेल्यावरच भर घालायची, आणि हंडा घासायचा असेल त्या दिवशी उरलेलं भांड्यांच्या घमेल्यात. पहिली जोराची धार पिंपाला मिळते. संध्याकाळी मुलगा आला, आधी बाथरूममध्ये गेला. मी खाटेवर लसूण सोलत कान देऊन होते. तांब्या पाण्यात बुडाला, आवाज आला तो नुसता डुबुक. बुडाला आपटला नाही. महिना संपायला आला तसा त्यानं माझ्यासमोरच बहिणीला फोन लावला आणि म्हणाला, "आई नाही येत. तूच ये चार दिवस." लेक तिकडून म्हणाली, येते की. मी ओरडून सांगितलं, येताना दोन कॅन भरून घेऊन ये, तुझ्याकडे विहीर आहे ना.

खाली बाकावरच्या बायांनाही सांगून बघितलं. भाषण नाही केलं, ते बाल्कनीतच विरघळलं. दोघींनी ऐकलं. समोरच्या बाई म्हणाल्या, त्यांच्या सुनेला सांगायला त्या कोण. आठव्या मजल्यावरची शिकलेली बाई म्हणाली, "काकू, शिळं ते शिळंच. सायन्सच आहे ते." मी म्हटलं, मग धरणाला सांगा. पहाटे पाइप अजून वाजतात. थोडे कमी वाजतात असं मला वाटतं, किंवा माझे कान कमी झालेत.

पण तुम्हाला लिहायला बसले ते हे सांगायला नाही. त्या दिवसापासून मला एक विचारायचंय. तुम्ही थेंबाला जीव टाकणाऱ्या बाई, मग ते पिण्याचं पाणी रोज कोणासाठी ओतत होतात? स्वतःसाठी ओतलं असतंत तर माझ्या एका वाक्यानं थांबला नसतात, तुम्हाला मी ओळखते. तुम्हालाही सासू होती, मी तिला बघितलेलं नाही, तुम्ही तिच्याबद्दल कधी बोलला नाहीत. तिला तरी ताजं लागत होतं का? की तुम्हीही विचारलं नाहीत, आणि ती गेल्यावरही ओतत राहिलात? आता हे सांगणारं कोणी उरलेलं नाही. सुनेला मी सांगितलंय, यापुढं जे काय असेल ते मला तोंडावर विचारायचं. ती हो म्हणाली. काल तिनं विचारलं, "आई, भात गोधडीत ठेवला की मधे कच्चा राहतो, तो थोडा जास्त शिजवला तर चालेल का?" अशी सुरुवात झालीय.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, तुमचा पत्ता माझ्याकडे नाही आणि असता तरी तुम्ही ते कोणाकडून तरी वाचून घेतलं असतंत आणि वर मलाच सुनावलं असतंत. हंड्याच्या तिवईचा एक पाय डुगडुगतो, त्याखाली याची घडी घालणार आहे. दोन दिवसांत ओल लागून शाई पसरेल, मग कोणी वाचायचा प्रश्न नाही. म्हणून आता एक शेवटचं लिहिते. मी रोज सकाळी सुनेसमोर तोच पेला भरते, कालचं पाणी मिटक्या मारत पिते आणि म्हणते, बघ, काही फरक नाही.

फरक आहे, आत्याबाई. थोडं शिळं लागतं.